नव्या वास्तूत वडिलांचे स्थान

नव्या घराची वास्तुशांती करविताना यजमान दांपत्य पाटावर बसले म्हणजे प्रथम गणपतिपूजन होते, मागोमाग पुण्याहवाचन आणि मातृकापूजन होते, आणि त्यानंतर, होमाचा अग्नी प्रज्वलित होण्यापूर्वी, नांदीश्राद्ध नावाचा एक छोटासा विधी होतो. तो इतक्या त्वरेने उरकला जातो की पंगतीच्या व्यवस्थेत गुंतलेल्या घरच्या मंडळींना त्याची वार्ताही नसते. वास्तविक त्या सबंध दिवसातील अत्यंत अर्थपूर्ण प्रसंग तोच होय, असे माझे मत आहे. ज्या घरात आपण राहावयास जाणार, त्या घरात देवतांच्या पाठोपाठ आणि पाहुण्यांच्या कितीतरी आधी आपल्या दिवंगत वडीलधाऱ्यांना पाचारण करावयाचे, त्यांना आसन द्यावयाचे, त्यांची अनुज्ञा घ्यावयाची आणि मगच पुढील कार्यास हात घालावयाचा, असा या विधीचा आशय आहे.

श्राद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळे तीळ, पिंड आणि घरावर पसरलेली एक उदास शांतता उभी राहते. नांदीश्राद्धात यांपैकी काहीच नसते. वार्षिक श्राद्धात यजमान अपसव्य करतो, म्हणजे जानवे उजव्या खांद्यावर घेतो, आणि पितरांसाठी तीळ वाहतो. नांदीश्राद्धात जानवे नित्याप्रमाणे डाव्या खांद्यावरच राहते आणि तिळांची जागा जव घेतात, कारण येथे बोलाविलेले पितर नांदीमुख, म्हणजे प्रसन्न मुखाचे, मानलेले आहेत. नावे घेण्याचा क्रमही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आरंभी माता, पितामही आणि प्रपितामही. मग पिता, पितामह आणि प्रपितामह. आणि शेवटी मातामह, म्हणजे आईचे वडील, व त्यांच्या मागील दोन पिढ्या. आई आधी आणि वडील मागून, आणि आईचे माहेरही त्या पंक्तीत सन्मानाने बसलेले, हे पाहून ज्यांनी ही पद्धत घातली त्यांच्या विवेकाविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. शोकासाठी शास्त्राने दहावा, बारावा, वर्षश्राद्ध आणि भाद्रपदाचा वद्य पक्ष अशा जागा मुक्रर करून ठेविल्या आहेत. नव्या घराच्या उंबरठ्यावर मात्र मृतांची भेट आनंदाने घ्यावी, अशी त्याचीच आज्ञा आहे.

माझे वडील सातारा जिल्ह्यात मामलेदार कचेरीत कारकून म्हणून लागले आणि अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. जेथे बदली होईल तेथे बिऱ्हाड करावयाचे आणि बदलीचा हुकूम आला की ते मोडावयाचे, अशा रीतीने त्यांची उमेदीची सारी वर्षे गेली. अखेर वाईस कृष्णेच्या घाटापासून फार दूर नसलेल्या एका जुन्या वाड्यात, भाड्याच्या तीन खणांत, त्यांनी कायमचा मुक्काम केला आणि तेथेच त्यांचा अंत झाला. स्वतःचे घर असावे ही त्यांची इच्छा आम्हा सर्वांना ठाऊक होती, परंतु तिचा उच्चार त्यांनी कधी तक्रारीच्या सुरात केला नाही. ते गेल्यानंतर आम्ही पुण्यास सदनिका घेतली. वास्तुशांतीच्या दिवशी गुरुजींनी गोत्र विचारले, नावे विचारली, आणि वडिलांचे नाव सांगताना माझ्या मनात आले की त्यांच्या निधनापासून आजवर हे नाव मी केवळ शोकाच्या विधींत उच्चारले होते; मंगल कार्यात निमंत्रित म्हणून ते आज प्रथमच घेतले जात आहे. ज्या घराची आयुष्यभर आस धरली त्या घरात त्यांचा प्रवेश आमच्या आधी झाला, या विचाराने मला जे समाधान दिले ते त्या दिवशी आलेल्या कोणत्याही आहेराने दिले नाही.

वडिलांची एक लोखंडी ट्रंक होती. कचेरीतील दप्तर जसे रुमालात बांधून ठेवण्याचा रिवाज, तसेच त्यांनी घरचे कागद लाल कापडाच्या रुमालांत बांधून तीत ठेविले होते, आणि प्रत्येक रुमालास आतल्या मजकुराची चिठ्ठी लावलेली होती. सामान लावून झाल्यावर एका दुपारी मी ते सोडले. त्यांत जमाखर्चाच्या वह्या निघाल्या, आणि या वह्यांनी मला माझ्या वडिलांची जी ओळख करून दिली ती त्यांच्या सहवासात इतकी वर्षे काढूनही मला झाली नव्हती. दरमहा पगार जमेस धरल्यावर खर्चाच्या बाजूला पहिली रकम ‘घराकरिता’ म्हणून वेगळी काढलेली असे. ती लहान असे, पण चुकत नसे. काही महिने ती साठत जाई आणि मग एके दिवशी सारीच्या सारी नावे पडे. एकदा धाकट्या बहिणीच्या शस्त्रक्रियेसाठी. एकदा थोरलीच्या महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी, आणि त्या काळी तिला पुढे शिकवू नये असे सांगणारे आप्त आमच्या घरी वारंवार येत असत. एकदा माझ्या वसतिगृहाच्या अनामत रकमेसाठी. दर बुधवारी आमच्याकडे वारावर जेवावयास येणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या परीक्षेची फी त्याच खात्यातून भरल्याची नोंद आहे. रकम संपली की पुढल्या महिन्यात ‘घराकरिता’ हे शब्द त्याच वळणदार अक्षरात पुन्हा लिहिलेले दिसतात. त्यांचे घर बांधून का झाले नाही, याचे संपूर्ण उत्तर त्या वह्यांत आहे. मला तर असे वाटते की ते घर त्यांनी बांधलेच होते, फक्त त्यास विटा लागल्या नव्हत्या. आणि आमच्या सदनिकेचा खरा पाया कोणत्या वर्षी घातला गेला हे सांगावयाचे झाल्यास मी त्या वह्यांतील पहिल्या पानाची तारीख सांगेन.

वडिलांनी सोसलेले आणि मुलाने उभारलेले, पण वडिलांना पाहावयास न मिळालेले घर म्हटले की महाराष्ट्रातील एका घराचे स्मरण मला प्रकर्षाने होते. मुंबईस दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ ही वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत बांधविली, आणि ती बांधविताना आपल्या अफाट ग्रंथसंग्रहाची सोय हा हेतू त्यांनी प्रधान मानला. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातील शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर काही काळ साताऱ्यास राहून ते मुंबईत परळच्या एका चाळीतील खोलीत कुटुंबासह राहू लागले. खोली एकच, माणसे पुष्कळ. तेव्हा मुलास लवकर निजवावयाचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहावयाचे आणि मग त्यास उठवून अभ्यासाला बसवावयाचे, असा त्यांचा परिपाठ होता. मुलाने मागितलेले पुस्तक आणून देण्यासाठी विवाहित मुलींकडून दागिना मागून तो गहाण ठेवण्यापर्यंत या पित्याची तयारी असे. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते निवर्तले. त्याच वर्षी पुत्र उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेला. दहा वर्षांनी, १९२३ साली, ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा बाबासाहेबांनी तो आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस, त्यांनी आपल्या शिक्षणासाठी केलेल्या त्यागाचे ऋण नमूद करून, अर्पण केला. राजगृहातील हजारो ग्रंथांच्या मांडणीकडे मी याच अर्पणपत्रिकेच्या प्रकाशात पाहतो. दिव्याखाली मुलास बसविण्यासाठी ज्याने स्वतःची झोप वाटून घेतली, त्या पित्याचे यथोचित स्थान ग्रंथालयात होते, आणि ते तेथे दिले गेले.

नव्या घरात पूर्वजांना जागा देण्याच्या रीती समाजासमाजांत भिन्न आहेत, आणि त्यांतील एखादी श्रेष्ठ ठरविण्याचा माझा मुळीच मानस नाही. बौद्ध कुटुंबांत त्रिशरण आणि पंचशील म्हणून गृहप्रवेश होतो. वसईच्या व गोव्याच्या ख्रिस्ती घरांत धर्मगुरू येऊन वास्तूला आशीर्वाद देतात. वारकऱ्यांच्या घरी हरिपाठ आणि भजन झाले की घर लागले असे मानतात. मराठा, कुणबी, धनगर आदी अनेक कुळांत देव्हाऱ्यात टाक असतात, म्हणजे धातूच्या छोट्या पत्र्यावर उठविलेल्या प्रतिमा. त्यांत खंडोबा, भवानी, जोतिबा यांच्या शेजारी कित्येक घरी कुळातील एखाद्या वीर पुरुषाचाही टाक असतो. नाशिकला धुळवडीच्या दिवशी अशा वीरांची मिरवणूक निघते. बिऱ्हाड हलले की हे टाक कोणी सामानाच्या गाडीत टाकीत नाहीत. ते घरातील माणूस स्वतःच्या हाताने नेतो. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावे पाण्याने भरलेली मातीची घागर मांडतात, तिच्यावर खरबूज ठेवितात, सांजोऱ्या, पुरणपोळी आणि आमरस यांचा नैवेद्य दाखवितात आणि चुलीतल्या अग्नीत घास अर्पण करतात. वैशाखाच्या उन्हात तहानलेल्या वडिलांना गार पाणी द्यावे, इतकी साधी आणि इतकी मानवी ही कल्पना आहे की तिला भाष्याची जरूर नाही. मुंबई-पुण्याकडे स्थायिक झालेली पुष्कळ खानदेशी कुटुंबे सदनिकेच्या आटोपशीर स्वयंपाकघरातही ही घागर भरतात.

वडिलांना जाऊन वर्ष झालेले नसताना नव्या घरी राहावयास जावे की नाही, हा प्रश्न अनेकांना पडतो, आणि यावरून घरोघर बराच वाद होतो. वर्षाच्या आत मंगल कार्य करू नये असा सामान्य संकेत आहे. कार्य निकडीचे असल्यास वर्षश्राद्ध आधी उरकून घेण्याची वहिवाटही आहे. माझे मत विचाराल तर, जेथे आई एकटी जुन्या घराच्या भिंतींकडे पाहत बसली आहे तेथे एक दिवसही थांबू नये. मात्र नव्या घरी नेताना तिला विचारून न्यावे. ज्या घरात तिने संसाराची चार दशके काढली ते सोडणे हे तिच्यासाठी दुसरे वैधव्यच असते, आणि तिची पलंगाची बाजू, तिची तुळस, तिची सकाळची खिडकी यांची व्यवस्था ही वास्तुशांतीच्या मुहूर्ताइतकीच महत्त्वाची बाब समजली पाहिजे.

आम्ही स्वेच्छेने घर बदलले. परंतु ज्यांना आपले गावच सोडावे लागले त्यांचा विचार या संदर्भात केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. कोयनेचे धरण झाले आणि शिवसागर जलाशयाचे पाणी चढू लागले तेव्हा पाटण, जावळी या तालुक्यांतील गावांची माणसे पिढ्यान्पिढ्यांच्या जमिनी सोडून कोणी त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, कोणी ठाण्याकडे, कोणी सांगली-सोलापुराकडे वसविली गेली. त्यांना मोबदला मिळाला, पर्यायी जमिनी मिळाल्या किंवा मिळावयाच्या राहिल्या. परंतु ज्या ओढ्याकाठी वडिलांना अग्नी दिला तो ओढा, ज्या चौथऱ्यावर आजोबांच्या नावे दिवा लागे तो चौथरा, यांची नोंद संपादनाच्या कोणत्याही तक्त्यात झाली नाही. त्या माणसांनी पुनर्वसित वस्त्यांना मूळ गावांची नावे दिली, ग्रामदैवत बरोबर नेले, आणि जुन्या गावच्या यात्रेचा दिवस नव्या ठिकाणी पाळला. उजनीच्या जलाशयात बुडालेले पळसदेवचे प्राचीन मंदिर पाणी ओसरले म्हणजे उन्हाळ्यात उघडे पडते, आणि तेव्हा माणसे आवर्जून तेथे जातात. घराच्या बदल्यात घर देता येते. वडिलांच्या जागेच्या बदल्यात जागा देणे सरकारच्या हाती नाही, आणि म्हणूनच जेथे ती जागा लोकांनी स्वतः घडविली तेथे सरकारने आणि समाजाने तिचा मान राखला पाहिजे.

आता थोडे कचेरीच्या बाजूविषयी. अव्वल कारकुनाचा मुलगा म्हणून ती मला विसरता येत नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी असा १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालील नियम आहे. त्यानंतर गावी शेतजमीन असल्यास तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्यावयाचा; गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते, फेरफार पडतो, हरकतींसाठी नोटीस निघते, मंडल अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि मग सातबाऱ्यावर नावे चढतात. शहरातील मिळकतीसाठी हेच काम नगरभूमापन कचेरीत मिळकत पत्रिकेवर होते. गृहनिर्माण संस्थेत वडिलांनी ज्याला नामनिर्देशित केले असेल तोच मालक, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. ती निराधार आहे, कारण नामनिर्देशनाने वारसांचे हक्क नाहीसे होत नाहीत.

याच ठिकाणी एक कटू गोष्ट बोलणे मला भाग आहे. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यान्वये वडिलांच्या मिळकतीत मुलगे, मुली, विधवा पत्नी आणि वडिलांची आई हयात असल्यास ती, हे सर्व प्रथम वर्गाचे वारस ठरतात. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली काही मर्यादांसह दिला. साऱ्या देशात तो ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला. आणि त्या तारखेस वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. असे असूनही वर्षश्राद्धाला माहेरी आलेल्या बहिणींपुढे जेवणानंतर हक्कसोडपत्राचा कागद ठेवला जातो, आणि भावाचे मन दुखवू नये म्हणून त्या सही करतात, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालू आहे. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. भिडेने सोडविला तर तो अन्याय आहे, आणि अशा पैशातून उभ्या राहिलेल्या घरात वडिलांची केवढीही मोठी तसबीर लावली तरी तिचा उपयोग नाही. आमच्या वडिलांनी ‘घराकरिता’ ठेवलेली रकम मुलींसाठी मोडली होती. त्यांच्या पश्चात वाटणीचा प्रश्न आला तेव्हा आम्हास निर्णय करण्यासाठी त्या वह्यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही सल्ल्याची गरज पडली नाही.

घर बदलताना सर्वांत अधिक हानी होते ती कागदांची. नव्या घरात जागा कमी, फडताळे मोजकी, आणि हाताशी रद्दीवाला उभा. अशा घाईत वडिलांची पत्रे, आजोबांचे मोडीतील कागद, जुन्या वह्या आणि बक्षिसांची प्रशस्तिपत्रके वजनावर जातात. वाईच्याच एका घरात धूळ खात पडलेले कागद इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या हाती आले, आणि त्यांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला. पानिपताच्या काळाविषयीचे आपले ज्ञान त्या एका घराने कागद टाकून दिले नाहीत म्हणून वाढले. आपल्या घरच्या कागदांतून पानिपत निघणार नाही, परंतु एका माणसाचे आयुष्य निघेल. म्हणून जे वाचक लौकरच नव्या घरी जाणार आहेत त्यांना माझी विनंती आहे की, सामान बांधावयास घेण्यापूर्वी वडिलांची ट्रंक स्वतः उघडा आणि तीतला प्रत्येक कागद रद्दीत देण्याआधी एकदा वाचा. मोडी येत नसेल तर जाणकाराकडून वाचवून घ्या. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून जुने कागद जतन करण्याचे कार्य करीत आहे. आई किंवा आत्या हयात असेल तर तिच्याजवळ बसून आईकडच्या आणि वडिलांकडच्या तीन-तीन पिढ्यांची नावे, गावे, उद्योग आणि मृत्यूच्या तिथी एका वहीत उतरवा, आणि ती वही बहिणींनाही द्या. हे काम घर लागल्यावर करू असे म्हणून पुढे ढकलू नका. सांगणारी माणसे थोडी उरली आहेत.